अमानतीचा समुद्र

आमच्या सोलापूरला समुद्र नाही. जवळचा किनारा गाठायचा तरी रात्रभराचा प्रवास. इथे पाणी म्हणजे उजनीचे, टाकळीचे, हिप्परग्याचे. तेही नळाला रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी मोहल्ल्यात घागरी, पिंपे आणि बादल्या यांचा बाजार भरतो. अशा शहरातल्या एका साध्या घराच्या बैठकीत तीन फूट लांबीच्या काचेच्या टाकीत दीडशे लिटर समुद्र आहे. हा समुद्र आमचा नाही, भाईजानचा आहे. आम्ही त्याचे राखणदार.

भाईजान बरीच वर्षे जेद्द्याला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. सुट्टीच्या दिवशी तांबड्या समुद्राच्या काठी जात. तिथल्या उथळ पाण्यात त्यांनी प्रथम प्रवाळ पाहिले आणि ते त्यांच्या डोळ्यांत बसले. परत आल्यावर त्यांनी ही टाकी मांडली. दोन वर्षांनी पुन्हा कामाचा करार आला, पुन्हा जाणे झाले. निघताना त्यांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "ये अमानत है. हर जुम्मे को एक फोटो भेज दिया करो."

अमानत हा शब्द आम्ही वर्गात मुलांना अनेकदा समजावला आहे. शेजाऱ्याचे पैसे, मित्राचे पुस्तक, कुणी सांगितलेले गुपित, अशी उदाहरणे देतो. पण ठेवलेली वस्तू श्वास घेणारी असेल तर अमानत कशी सांभाळायची, हे आम्हांला या टाकीने शिकवले. शिकवताना एकदा खोटे पाडून शिकवले. त्याचीच ही हकिकत.

गोड्या पाण्यातले मासे पाळणे आणि खारे पाणी पाळणे यांत फरक आहे. इथे आधी पाणी पाळावे लागते, मासे नंतर. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. तेही स्वयंपाकाचे नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे क्षार असलेले खास मीठ. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज दोन-अडीच लिटर गोडे पाणी वरून घालायचे, नाही तर खारटपणा चढत जातो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेच टाकीचे खरे मालक. त्यांची वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर घाई करणाऱ्याचे मासे मरतात. सूरह रहमानमध्ये मोती आणि मरजान यांचा उल्लेख आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याच सूरहच्या आरंभी मीज़ानचा, म्हणजे तोलाचा, उल्लेख आहे. तो तोल काय असतो हे आम्हांला रोज संध्याकाळी मीठ मोजताना थोडेथोडे कळू लागले.

पहिला प्रश्न पडला तो पाण्याचाच. टाकीला नळाचे पाणी चालत नाही, आरओचे लागते. आमच्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी निघते तेव्हा तीनेक लिटर वाया जाते. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचे आणि उडालेले वेगळे भरायचे, म्हणजे आठवड्याला तीस लिटरच्या आसपास. त्यामागे नव्वद लिटर मोरीत. शेजारच्या खाला दोन घागरींसाठी पहाटे उठतात आणि आम्ही सोलापुरात समुद्र भरतो! वाहत्या नदीकाठी बसूनही वजूला जास्त पाणी वापरू नये, ही शिकवण आम्हीच मुलांना देतो. मग त्या वाया जाणाऱ्या पाण्याखाली पिंप लावले. फरशी, भांडी, संडास यांना तेच पाणी. खालांनाही विचारले, त्या दोन बादल्या धुण्यासाठी नेतात. हिशेब पुरता मिटला असे नाही, पण निदान लपवलेला राहिला नाही.

दुसरा प्रश्न फोटोचा. तो जड गेला.

टाकीचा फोटो काढणे वाटते तितके सोपे नाही. आधी काच आतून-बाहेरून पुसायची. खोलीतले दिवे मालवायचे, नाही तर काचेत आपलेच तोंड दिसते. पंप थोडा वेळ बंद करायचा, म्हणजे प्रवाळ हलायचे थांबतात. मोबाइल काचेला सरळ समोर धरायचा. तिरका धरला की चित्र फाटल्यासारखे होते. टाकीवरचे दिवे निळसर असतात, त्यात फोटो सगळा निळा येतो, म्हणून मोबाइलच्या भिंगापुढे पिवळ्या काचेचा तुकडा धरायचा. मग प्रवाळाच्या अंगातले हिरवे, केशरी रंग निखाऱ्यासारखे उजळून येतात. हे रंग खोटे नाहीत. निळ्या प्रकाशात चमकणारी द्रव्ये त्या जीवात असतातच. पण साध्या उजेडात तो जीव एवढा चमकत नाही.

मे महिन्यात एके दिवशी दुपारी वीज गेली ती रात्रीच आली. बाहेर पारा ४३ च्या वर. एरवी पंख्याचा वारा पाण्यावर घेऊन आम्ही तापमान २७ अंशांपर्यंत राखतो. त्या दिवशी ते ३२ वर गेले. पंप बंद, पाण्यातला प्राणवायू कमी. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले. घरातल्या सर्वांनी पाळ्या लावून मगाने पाणी उपसून वरून ओतले, बर्फाच्या बाटल्या सोडल्या. मासे वाचले. पण चार दिवसांत उजव्या कोपऱ्यातला लेदर नावाचा मऊ प्रवाळ लोळागोळा होऊन कुजू लागला आणि मधल्या दगडावरचे मश्रूम फिके पडले. हे मश्रूम अळंबीसारखे दिसतात, प्रवाळांचेच भाऊबंद. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, त्याचा तपकिरी रंग जातो आणि उरतो पांढुरका, उपाशी जीव.

शुक्रवार आला. आम्ही फोटो काढायला बसलो. आणि काय आश्चर्य! तपकिरी रंगाचा पडदा गेल्यामुळे निळ्या दिव्याखाली ते मश्रूम पूर्वीपेक्षाही जास्त हिरवे पेटलेले दिसत होते. आमच्या हातून निघालेला तो सर्वांत सुंदर फोटो. कुजका कोपरा चौकटीबाहेर ठेवला आणि पाठवून दिला. भाईजानचा निरोप आला, "माशाअल्लाह." पुढचे दोन शुक्रवार आम्ही तेच केले.

आम्ही खोटे बोललो का? एक शब्दही बोललो नव्हतो. फोटोत काही घातले नव्हते, काही पुसले नव्हते. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटोच मुळात पसंत नसे; तसवीर जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की हात नवे काही घडवत नाही, आरशातले प्रतिबिंब धरून ठेवले जाते इतकेच. आम्हांलाही ते पटत आले होते. पण त्या तीन शुक्रवारी ध्यानात आले की आरसा खरा असला तरी तो कुठे धरायचा हे आपला हात ठरवतो. ज्या जीवाची उपासमार चालली होती तिचीच शोभा करून आम्ही शाबासकी घेतली होती. अमानत ठेवणाऱ्याला वस्तूची हालत कळण्याचा हक असतो. तो हक आम्ही बुडवला आणि वर सुंदर फोटो दिला.

फोटो वर्गातही दाखवला होता. मुलांनी आधी समुद्रच पाहिलेला नव्हता. सगळे वाहवा करत असताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "इत्ता अच्छा है तो उसको समंदर में कायकू नै रहने दिए?" तिला आम्ही त्या वेळी काहीबाही उत्तर दिले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

पाळावे की नाही? आपल्या परंपरेत याला दोन दाखले सांगितले जातात. अबू उमैर नावाच्या लहान मुलाचे पाखरू होते, ते मेले तेव्हा हुजूरांनी (स.) त्या मुलाची मायेने विचारपूस केली. यावरून पाखरू पाळायला मनाई नाही असे अनेक विद्वानांनी मानले. दुसरा दाखला मांजर कोंडणाऱ्या बाईचा. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. पाळण्याने गुन्हा होत नाही, कर्ज होते. ज्या जीवाचे स्वतःचे मार्ग आपण बंद केले, त्याचा प्रत्येक मार्ग आपल्यावर येऊन पडतो. मांजराला दूध पुरे. या जीवांना लाटा, खारटपणा, ऊन, थंडावा, सगळा समुद्रच पुरवायचा असतो. वीज गेली ही आमची सबब झाली. माशाला वीज ठाऊक नाही.

आणि हे जीव आले कुठून, हाही भाग त्यात आहे. भारतात टणक प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. एका दुकानदाराने भाईजानना समुद्रातला 'जिवंत दगड' देऊ केला होता. त्यांनी तो नाकारून सिमेंटचे दगड केले. क्लाउनफिशची पैदास आता हौदात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडेही ती करून दाखवली. आमची जोडी तशीच, हौदात जन्मलेली. पण टाकीतला तो एकटा निळा डॅमसेल? तो कुठल्या खडकातून, कोणत्या जाळ्याने आला, याचा पत्ता नाही. त्या मुलीचा प्रश्न खरा त्याच्यासाठी होता.

मग सोडून द्यावे? कुठे? सिद्धेश्वर तलावात सोडणे म्हणजे मारणे. समुद्रातही टाकीतले जीव सोडू नयेत. रोग जातात, परके जीव जातात. म्हणजे सोडण्याची वाटही आता आपल्या हातात राहिलेली नाही.

कुणी म्हणेल, एका मध्यमवर्गीय घरातल्या टाकीचे एवढे काय? पण हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेच्या आजूबाजूच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, हे आपल्यापैकी किती जायरीनना माहीत होते? मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात, २०२० साली, तिथले काही प्रवाळ उचलून कुलाब्याच्या बाजूला हलवावे लागले तेव्हा बातमी झाली. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे पाण्यात उतरून प्रवाळांसोबत फोटो काढणाऱ्यांचे पाय त्याच प्रवाळांवर पडतात. आणि १९९८, २०१६ व पुन्हा २०२४ साली जगभरच्या समुद्रांत प्रवाळ पांढरे पडले. नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दोन अंश जास्त पाणी काही आठवडे राहिले की पुरते. आमच्या बैठकीत एका दुपारी जे झाले तेच तिथे झाले. तिथेही माणसाने पाहिले, वाहवा केली आणि कोपरा चौकटीबाहेर ठेवला.

चौथ्या शुक्रवारी आम्ही फोटो पाठवला नाही, फोन केला. सगळे सांगितले. भाईजान थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन हफ्ते से कोना नै दिख रा था. मैं समझ गया था." त्यांनी विचारले नव्हते, आम्ही कधी सांगतो याची वाट पाहिली होती. त्याची लाज अजून वाटते.

त्यांनीच फोनवर सांगितले तसे लेदरचा कुजलेला भाग ब्लेडने कापून काढला, खुंट तेवढा ठेवला. जुनी बॅटरी आणून हवेचा पंप तिच्यावर जोडला. दोघांनी मिळून ठरवले की आता टाकीत नवा जीव आणायचा नाही. आहेत त्यांना त्यांच्या शेवटापर्यंत सांभाळायचे. क्लाउनफिश नीट राखले तर वीस वर्षेही जगतो म्हणतात. तेव्हा हे कर्ज आमच्या निवृत्तीच्या आसपास फिटेल.

त्या मुलीलाही उत्तर दिले. वर्गात तोच सुंदर फोटो पुन्हा दाखवला आणि तो कोणत्या दिवशी, कशानंतर काढला ते सांगितले. मुले गप्प झाली. तिने विचारले, "अब कैसा है?"

आता दर जुम्म्याला फोटो जातो तो खोलीतल्या साध्या दिव्यात काढलेला. त्यात निळा झगमगाट नसतो, काचेवर थोडे शेवाळ असते आणि उजव्या कोपऱ्यातला खुंट असतो. सोबत कागदावर तापमान आणि खारटपणा लिहून पाठवतो. गेल्या शुक्रवारी त्या खुंटावर बोटाच्या पेराएवढी नवी वाढ होती. फोटोत ती नीट दिसत नाही, म्हणून आम्ही ती लिहून कळवली.