चांगल्या हेतूचे काय करायचे?

निर्मलला आमच्या गल्लीत लाकडी खेळणी करणारांची दोन घरे आहेत. पोनिकीचे हलके लाकूड तासताना निघालेला भुसा ते पोत्यात भरून ठेवतात. चिंचोक्याच्या खळीत कालवून तोच भुसा पुढे खेळण्यांच्या कामी येतो. 2019च्या डिसेंबरात अशाच एका अर्ध्या पोत्यात मांजर व्याली. महिनाभराने पिल्ले हिंडू लागली आणि त्यांतले एक राखाडी पिल्लू आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले. तेलुगूत मांजराला 'पिल्लि' म्हणतात आणि मराठीत लेकराला पिल्लू. त्यामुळे त्याला वेगळे नाव ठेवायची गरज पडली नाही. दोन्ही भाषांची मुले त्याला एकाच हाकेने बोलवीत.

जानेवारीच्या थंडीत एका संध्याकाळी ते खाईना. नाक चोंदलेले, डोळ्यांना चिपडे, आणि पोट भात्यासारखे हलत होते. अंगाला हात लावला तर कढत लागले. माझी नोकरी शाळामास्तरकीत गेली. लहान मुलांच्या तापात काय करावे हे मला ठाऊक आहे, असा माझा समज. घरात पॅरासिटामॉलची गोळी होती. तिचा चतकोर तुकडा पाण्यात उगाळून मी त्याच्या तोंडात घातला, वरून छातीला थोडा बाम चोळला आणि जुन्या शालीत गुंडाळून ठेवले. रात्री मी समाधानाने झोपलो, हे मुद्दाम नमूद करतो.

सकाळी पिल्लू तोंड उघडे टाकून श्वास घेत होते. हिरड्या मातकट निळ्या झाल्या होत्या, तोंड सुजले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काही दिलंत का?" मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. दुपारच्या आत पिल्लू गेले.

डॉक्टरांनी जे समजावले ते सांगतो, कारण ते कित्येक घरांत ठाऊक नसते. माणसाचे यकृत हे औषध ज्या वाटेने निरुपद्रवी करून बाहेर टाकते, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. औषधाचे विष होते आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर चालून जाते. मग रक्त वाहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. श्वास चालू असतो आणि जीव गुदमरत असतो. मांजराला सुरक्षित अशी याची मात्राच नाही. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो, आणि मी तर रात्र घालवली होती. बामातला कापूरही मांजराला बाधतो. मूळचा आजार बहुधा विषाणूंची सर्दी असावी, पिल्लांत ती नेहमी आढळते. नाक बंद झाले की वास येत नाही, वास येत नाही म्हणून ते खात नाही, आणि न खाल्ल्याने खंगते. ऊब, ओल्या कोमट कापसाने पुसलेले नाक, पालथे धरून थोडे थोडे भरवणे आणि डॉक्टरांचे औषध, एवढ्यावर पुष्कळ पिल्ले उठतात.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही का मुद्दाम केलंत?" शेजारच्या खाला म्हणाल्या, "नियत साफ थी ना मास्टर साब, बस." दोघींचे सांत्वन खरे होते. तरी मला ते पुरेना. माझा हेतू शुद्ध होता म्हणून मी निर्दोष ठरतो का, हा प्रश्न राहिला.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 साली लिहिले की निरपवाद चांगली अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सदिच्छा. वाटले, चला, सुटलो. पण पुढे तोच बजावतो की सदिच्छा म्हणजे नुसती इच्छा नव्हे. आपल्या हाती असलेली सर्व साधने पणाला लावणे म्हणजे सदिच्छा. माझ्या हाती काय होते? दवाखाना पंधरा मिनिटांच्या वाटेवर होता आणि खिशात फोन होता. मी विचारले नाही, कारण विचारावे असे मला वाटलेच नाही. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान आणि मग दया, असा क्रम सांगितला आहे. मी तो उलटा लावला होता.

इथे मला गांधीजींचे वासरू आठवते. 1928 साली साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होते. गांधीजींनी उपचार पाहिले, जाणकारांना विचारले, आश्रमातल्यांशी चर्चा केली आणि अखेर सुई टोचवून त्याचे प्राण घेवविले. देशभर गदारोळ झाला. त्यांनी ते लपवले नाही, 'नवजीवन'मध्ये स्वतः लिहिले. निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. पण दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. त्यांनी जाणून मारले आणि मी न जाणता. लोकव्यवहारात मी निर्दोष आणि ते दोषी. मला मात्र त्यांच्या कृतीत त्या जनावराविषयी जास्त आदर दिसतो. ते वासराच्या वेदनेकडे पाहत होते. मी माझ्या दयेकडे पाहत होतो. पिल्लू म्हणजे लहान माणूस, असे मी गृहीत धरले होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आधी ज्ञान हवे असे म्हटले, तर अडाणी गरिबाने दया करूच नये काय? रस्त्यात तडफडणारा जीव पाहून सगळेच "मला कळत नाही" म्हणत पुढे गेले तर? तसे होऊ नये. पण दया करणे आणि उपाय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊब देता येते, गर्दी हटवता येते, जाणत्याकडे नेता येते. यांना शिक्षण लागत नाही. ज्ञान नसलेल्याचे पहिले कर्तव्य एवढेच, की आपल्याला कळत नाही हे कळावे. अज्ञान हा दोष नव्हे. ते तपासून न पाहता दुसऱ्याच्या जिवावर खर्च करणे हा दोष, आणि जो बोलू शकत नाही त्याच्या बाबतीत तो दुप्पट. आपल्या घरातली तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसेही यात आली.

आठवड्याने त्याच वेतातले दुसरे पिल्लू शिंकू लागले. मी घड्याळ घेऊन बसलो. शांत पडलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला साधारण 20 ते 30 असतात, याचे 50 भरले. तोंडात काहीही न घालता मी त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेले. ते वाचले. एका डोळ्यात सारा राहिला आहे. हल्ली ते भिंतीवर बसून खेळणी रंगवणारांकडे पाहत असते.

दुसरे जगले म्हणून पहिल्याचा हिशेब मिटत नाही. खालांना मी आता एवढेच सांगतो की नियत साफ होती हे खरे, पण त्या रात्री ती माझ्याच उपयोगी पडली. मला झोप लागली.