एका कापडात गोळा केलेले अन्न



१७ ऑक्टोबर हा दिवस जगभर दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. १९८७ साली याच दिवशी पॅरिसमध्ये एक लाखाहून अधिक लोक दारिद्र्याविरुद्ध एकत्र जमले. त्यांना साद घालणारे ख्रिस्ती धर्मगुरू जोसेफ व्रेसिन्स्की स्वतः गरिबीत वाढलेले होते. १९९२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला मान्यता दिली, आणि २०१५ साली सर्व राष्ट्रांनी २०३० पर्यंत दारिद्र्य संपविण्याचा संकल्प केला. या विषयावर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदांतून एक विचार पुनःपुन्हा मांडला जातो, तो असा की कोणतेही सरकार, कोणतीही संस्था किंवा कोणताही समाज हे कार्य एकट्याने तडीस नेऊ शकत नाही.

मुस्लिम वाचकाला हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत सत्कार्यात आणि ईशभयात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा आहे, तसेच पाप आणि अतिक्रमण यांत साहाय्य न करण्याची ताकीदही आहे. प्रश्न इतकाच आहे की ही आज्ञा आपल्या दानधर्मात कितपत उतरली आहे?

आपण नमाज जमाअतने अदा करतो. खांद्याला खांदा लावून सफ सरळ करतो, मध्ये जागा रिकामी राहू नये म्हणून शेजाऱ्याला पुढे ओढतो. जकातीच्या वेळी मात्र प्रत्येक जण एकटा असतो. वास्तविक सूरह अत-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करण्यासाठी नेमलेल्या लोकांचाही समावेश आहे. म्हणजेच जकातीसाठी व्यवस्था असावी, हे गृहीतच धरले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज (र.) यांना यमनला पाठविताना हेच शिकविले की, जकात तेथील धनवंतांकडून घेतली जावी आणि तेथीलच गरिबांकडे परत जावी.

आता आपल्या मावळाकडे पाहू. रमजानमध्ये लोणावळा, तळेगाव, वडगाव येथील आपल्या घरांच्या दारांशी मागणारे येतात. जो पाच दारी जातो त्याला पाच ठिकाणी मिळते, आणि जी विधवा उंबरठा ओलांडत नाही तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. सूरह अल-बकराची २७३ वी आयत अशाच लोकांकडे आपले लक्ष वेधते. ते मागत नाहीत, म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. देणारा प्रत्येक जण मनापासून देतो, तरीही गल्लीतील एक चूल थंडच राहते. दोष कोणा एकाच्या नियतीत नसून आपण एकमेकांना विचारत नाही, यात आहे.

दुसरी गोष्ट काळाची. मावळात पाऊस एकाची कमाई वाढवितो, तर दुसऱ्याची थांबवितो. शनिवार-रविवारी लोणावळ्याचे रस्ते पर्यटकांनी फुलतात, चिक्कीच्या दुकानांत गर्दी होते. त्याच दिवसांत गवंडी, रंगारी, वीटभट्टीवरचे मजूर घरी बसतात. अतिवृष्टीमुळे पर्यटनस्थळांवर बंदी आली की भुट्टे विकणाऱ्या आणि चहाची टपरी चालविणाऱ्या हातावर पोट असलेल्या माणसाचाही दिवस बुडतो. सध्या रमजान हिवाळा सरता सरता येतो, आणि खरी निकड आषाढ-श्रावणात असते. आपण सारी जकात एका महिन्यात देऊन मोकळे होतो, आणि उरलेले अकरा महिने गरीब माणूस उधारीवर काढतो.

यावर शरीअतने मार्ग ठेवला आहे. जकात रमजानमध्येच द्यावी, असे बंधन नाही. ज्याची मालमत्ता निसाबाइतकी आहे, त्याला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच जकात थोडी थोडी आगाऊ देता येते आणि वर्षाअखेरीस हिशेब पुरा करता येतो. मोहल्ल्यातील पंधरा-वीस घरांनी दरमहा असा वाटा एकत्र केला, तर पावसाळ्यातील शिधा, मुलांच्या वह्या आणि आजारपणातील औषध यांसाठी कोणालाही हात पसरावा लागणार नाही.

अशा एकत्र येण्याचे फार सुंदर उदाहरण हदीसमध्ये आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशअरी कबिल्याचा उल्लेख येतो. मोहिमेत असताना किंवा मदीनेत घरचे अन्न सरत आले की, हे लोक आपापल्या जवळचे सारे एका कापडात गोळा करीत आणि मग एकाच भांड्याने समसमान वाटून घेत. प्रेषित (स.) यांनी त्यांना आपले म्हटले आणि स्वतःला त्यांचे म्हटले. वाचकहो, यापेक्षा मोठा सन्मान कोणता? आणि तो कशासाठी मिळाला, हेही पाहा. त्यांच्यापाशी वैभव नव्हते, टंचाई होती. कापडात पडल्यावर कोणाची मूठ मोठी आणि कोणाची लहान, हे ओळखूही येत नव्हते.

थोड्यातून मोठे कसे उभे राहते, याची खूण आपल्याच तालुक्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या काळी एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. अशा पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळाले. एकेकट्या पैशाने एका भुकेल्याचा एक घास झाला असता, पण एकत्र आलेल्या पैशाने हातांना हुन्नर दिला.

जकातीतही हे शक्य आहे. हनफी फिकहनुसार जकात गरजवंताच्या मालकीत देणे आवश्यक आहे. म्हणून शिलाई यंत्र, हातगाडी किंवा गवंड्याची अवजारे घेऊन ती त्याच्या मालकीची करून दिली, तर जकातही अदा होते आणि पुढच्या वर्षी तोच माणूस कदाचित घेणाऱ्यांच्या ऐवजी देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो.

आपली दृष्टी आपल्या मोहल्ल्यापुरती थांबू नये. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत आणि ती गरजू मुस्लिमांसाठी आहे, परंतु ऐच्छिक सदक्याचे दार सर्वांसाठी उघडे आहे. मावळातील कातकरी वस्त्यांत पावसाळ्याचे दिवस किती कठीण जातात, हे आपण जाणतो. त्यांच्यासाठी झटणारी माणसे कोणत्याही धर्माची असोत, त्यांच्या बरोबरीने उभे राहण्यात संकोच नको. पैगंबरी लाभण्यापूर्वी प्रेषित (स.) मक्केतील हिल्फुल फुजूल या करारात सहभागी झाले होते. पीडिताला त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी तो करार झाला होता. इस्लामच्या आगमनानंतरही, तशी हाक आली तर आपण ती स्वीकारू, असे त्यांनी सांगितले.

काही वाचक म्हणतील की, आमची जकात आमच्या हातूनच गेलेली बरी, दुसऱ्याचा भरवसा कोणी धरावा? ही शंका निराधार नाही. म्हणून आधी आपल्या गरजू भावाबहिणींना स्वतःच द्या. त्यात सदक्याचेही पुण्य आहे आणि नाते जोडण्याचेही. उरलेल्यातील काही भाग सामाईक निधीत द्या. निधी सांभाळणारे अमानतदार आहेत. दोघांच्या सहीशिवाय पैसा बाहेर जाऊ नये, जकात आणि सदका यांची खाती वेगळी असावीत, आणि जमा-खर्च जमाअतपुढे मांडला जावा. मात्र घेणाऱ्याचे नाव वाचले जाऊ नये, शिधा देताना त्याचे छायाचित्र काढले जाऊ नये. उपकार सांगून आणि मन दुखवून दान वाया जाते, हा इशारा सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट आहे.

निधीच्या सल्लामसलतीत स्त्रियांना अवश्य घ्या. कोणाची चूल पेटली नाही, हे त्यांना आधी कळते. ज्यांनी गरिबी सोसली आहे, त्यांनाही तेथे मानाने बसवा. काय हवे, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

मोठ्या परिषदा मोठ्या शहरांत भरोत. आपली परिषद येत्या जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर दहा माणसांत भरू शकते. एक वही आणि मोहल्ल्यातील घरांची यादी एवढे तिला पुरे आहे.

हे अल्लाह, आमच्या हातांना देण्याची आणि आमच्या मनांना एकत्र येण्याची सद्बुद्धी दे. जे मागत नाहीत, त्यांच्या दारापर्यंत आम्हाला पोहोचव, आणि आमचे थोडेसे स्वीकार कर. आमीन.