माझ्या वाट्याची माफी

"बुवा, भोग भोगून संपवायचा असतो, त्याचे पैसे मागायचे नसतात." माझे ज्येष्ठ गुरुबंधू हे मला मायेनेच म्हणाले. आळंदीला आम्ही एका पंगतीत जेवलो, एकाच गुरूंच्या पायाशी बसलो. त्यांच्या शब्दापुढे मी कधी बोललो नाही. म्हणून अपघाताची भरपाई मागावी की नाही, या प्रश्नाला मला नीट, सावकाश भिडावं लागलं.

मी मृदंग वाजवतो. गाव नेवासे तालुक्यात, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी घर चालतं ते सप्त्यांच्या बिदागीवर. काल्याचं कीर्तन आटोपून रस्त्याच्या कडेने चालत येत होतो. मागून कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप आली आणि माझं डावं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, हात वाचला. पण मनगट आता पुरतं वळत नाही. मृदंगाच्या डाव्या पुडीला आम्ही कणीक लावतो. तिच्यावर उघडा पंजा सबंध पडला तर नाद घुमतो. उजव्याचा 'ता' आणि डाव्याचा 'गे' एकाच क्षणी पडले की 'धा' होतो. माझा 'ता' अजून स्वच्छ आहे. 'धा' होत नाही. पंजा तिरका पडतो, पुडी नुसती थापल्यासारखी वाजते. कीर्तनकाराला हे पहिल्याच चालीत कळतं. ते बिचारे काही बोलत नाहीत, पुढच्या सप्त्याला दुसऱ्याला बोलावतात.

प्रारब्ध मी मानतो. त्या वेळी, त्या रस्त्यावर, नेमका तोच हात का, याला दुसरं उत्तर मला सुचत नाही. पण आपल्या परंपरेने संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगितले आहेत, आणि तिसरा भाग आपल्या हातात ठेवला आहे. हाड मोडलं हे प्रारब्ध म्हणून मी दवाखान्यात जायचं थांबलो नाही. मला उचलून नेणाऱ्यांत हेच गुरुबंधू होते. हाड जोडून घेतल्याने भोग टळत नसेल, तर हाड जोडण्याचा खर्च ज्याने द्यायला हवा त्याच्याकडे मागितल्याने तो कसा टळेल? प्लॅस्टर चालतं आणि प्लॅस्टरचं बिल चालत नाही, हा भेद मला कुठल्याही ग्रंथात सापडला नाही.

उलट ग्रंथ निराळंच सांगतात. याज्ञवल्क्यस्मृतीत, जिच्यावर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली, मारहाणीत दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने दंड तर भरायचाच, वर त्याच्या उपचाराचा खर्चही द्यायचा, असा नियम आहे. मनुस्मृतीत गाडीच्या अपघाताचा विचार आहे: वेसण तुटली, आस मोडला, सारथ्याने 'बाजूला व्हा' असं ओरडून सांगितलं, तर दोष नाही, सारथी अडाणी असेल तर दंड मालकाला. हा ग्रंथ १९२७ साली महाडला जाळला गेला, त्याची कारणं खरी होती, आणि त्याच्या आधारावर मी माझा न्याय मागणार नाही. पण 'धर्माला हे मान्य नाही' असं जे म्हणतात, त्यांनी धर्मशास्त्र उघडून पाहिलेलं नाही एवढं नक्की.

खरी अडचण शास्त्राची नव्हती, तुकोबांची होती. सावकारीची खतं ज्यांनी इंद्रायणीत बुडवली, त्यांचे अभंग आयुष्यभर वाजवून मी वसुलीला कसा निघू? ही टोचणी मला झोपू देईना. मग आमच्याच भागातल्या, ताहराबादच्या महिपतींनी लिहिलेलं चरित्र पुन्हा काढून वाचलं. त्यात एक गोष्ट आहे, जिच्यावरून आपण भरभर पुढे जातो. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांचा प्रपंच होता. निम्मी खतं त्यांच्या हाती दिली आणि नदीत गेली ती तुकोबांच्या वाट्याची.

इथे माझी गाठ सुटली. पिकअप चालवणारा पोरगा विशीतला. त्याचे वडील दवाखान्यात येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून रडले. मी त्यांना उठवलं, पोराला माफ केलं, अगदी मनापासून केलं. वेदना माझी होती, राग माझा होता, ते दोन्ही सोडून देण्याचा अधिकार मला होता. पण पत्नीने गहाण टाकलेल्या पाटल्या माझ्या नव्हत्या. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे माझे नव्हते. ते सोडून देऊन मी उदार ठरलो असतो आणि किंमत त्या दोघींनी मोजली असती.

शिवाय मागायचं कोणाकडे? रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, तो अशाच प्रसंगासाठी. दावा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांवर होतो, पण विमा चालू असेल तर पैसे कंपनी देते. लायसन्स नसेल तर कंपनी ते पुढे मालकाकडून वसूल करू शकते. हे वकिलांनी सांगितलं तेव्हा मी पुन्हा थांबलो आणि आधी त्या पोराचं लायसन्स पाहिलं. ते चालू होतं. नसतं तर माझा निर्णय काय झाला असता, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

धर्माची खरी परीक्षा पुढेच होती. एक मध्यस्थ घरी आला. म्हणाला, अपंगत्वाची टक्केवारी वाढवून आणतो, उत्पन्न दुप्पट दाखवू, बिदागीला पावती कुठे असते? खरंच नसते. पाकिटात येते, कधी नारळासोबत नुसतेच दोनशे येतात. तेव्हा वाटलं, देवाच्या दारात जे मोजलं नाही ते कोर्टात फुगवून मोजायचं, याहून मोठं पाप नाही. माझ्या वहीत गाव, तिथी आणि रक्कम लिहिलेली होती. तीच वही दिली. टक्केवारी डॉक्टरांनी तपासून लिहिली तीच ठेवली. आणि आकडे फुगवण्याची गरजही नव्हती. शरीराचं अपंगत्व किती आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली, हे दोन वेगळे हिशेब आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मनगट थोडं अडलं तर दुकानदाराचं फार अडत नाही, मृदंगवाल्याचं सगळं अडतं. खरं सांगूनच माझी बाजू उभी राहत होती.

मी दावा दाखल केला आहे. गुरुबंधूंना सगळं सांगितलं. त्यांना अजून पटलेलं नाही आणि आमचं प्रेमही कमी झालेलं नाही.

वारकरी बंधूंना हात जोडून एक विनंती. कायद्यात भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायची अट आहे, आणि तो आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. कोणाच्या घरी अपघात झाला तर प्रारब्धाच्या गोष्टी आपल्या स्वतःच्या दुखण्यासाठी राखून ठेवा. त्या घरी गेल्यावर आधी फिर्याद नोंदली का, पंचनाम्याची प्रत मिळाली का आणि दवाखान्याची बिलं जपून ठेवली का, हे विचारा.