ओढ्यात उतरताना

सँडलची जोडी समोर ठेवा. पट्ट्यांच्या शिवणीत गेल्या पावसाळ्यातली वाळू अजून अडकलेली असेल. इतक्यात झटकू नका. मांडी घालून बसा, नाहीतर खुर्चीवर; पाय मात्र उघडे असू द्या.

आधी पायांकडे बघा. दाढी करताना पुरुष रोज तोंड बघतो, पाय मात्र ठेच लागली की आठवतात. बोटं फाकवा. बुटात ती वर्षभर एकमेकांना खेटून बसलेली असतात. एक श्वास सावकाश आत, सावकाश बाहेर.

आता डोळे मिटा. जुलै आहे. ताम्हिणीच्या अंगाला पिंपरी गाव मागे टाकून तुम्ही अंधारबनाच्या वाटेला लागला आहात. खाली कुंडलिकेची दरी असेल. धुक्यात दिसत नाही. ओढ्याचा आवाज आधी येतो, पाणी मागाहून दिसतं. बूटवाले काठावर घुटमळतायत: बूट काढावेत, की दगडांवरून उड्या टाकाव्यात? पडतो तो बहुधा उडी टाकणाराच.

तुमच्या पायात सँडल आहे, तुम्हाला उडीची गरज नाही. पण आधी पाणी बघा. गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल, तर इथूनच मागे फिरा. त्यात कमीपणा नाही. घोट्याएवढं असेल तर पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, काठी हातात घ्या, सँडलचा मागचा पट्टा टाचेवर घट्ट बसलाय ना पाहा. तो नसता तर ही साधी चप्पलच होती, आणि पहिल्याच भोवऱ्याने ती खाली भिरा गावाकडे नेली असती.

उतरा. गार. पाणी बोटांमधून शिरतंय, टाचेपाशी बाहेर पडतंय. बुटात शिरलेलं पाणी दिवसभर सोबत चालतं. इथे ते आलं तसं जातं. इथेच थोडं थांबा. बाकी काही करायचं नाही.

आता पुढचं पाऊल. टाकू नका, टेकवा. तळव्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे. खरखरीत कातळावर रबर छान धरतं. हिरवं शेवाळ निदान दिसतं तरी. काळा, चकचकीत, निष्पाप दिसणारा दगड जास्त दगा देतो. तिथे कुठल्याही सोलची बढाई चालत नाही. आधी थोडा भार द्या, दगड हलतो का ते पायाला कळू द्या, मग उरलेला भार. पाय विचारतोय आणि दगड सांगतोय, असं काही क्षण चालू द्या.

अशी सँडल अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर जन्मली. ग्रँड कॅन्यनमध्ये लोकांना नावेतून नेणाऱ्या मार्क थॅचरने १९८४ मध्ये साध्या रबरी चपलेला वेल्क्रोचा पट्टा जोडला आणि ती घोट्याशी बांधली. एवढीच युक्ती. आपल्याकडे गुराखी टायरच्या तळव्याच्या चपला घालून हेच ओढे ओलांडत आले. त्यांना कुणी साहसी म्हटलं नाही.

पलीकडे पोचलात. लगेच चालू लागू नका. पट्ट्याखाली वाळूचा कण टोचतोय? भिजलेली कातडी मऊ असते, मैलभरात सोलून निघेल. खाली बसा, वेल्क्रो उघडा, तो चर्रर्र आवाज ऐका, पाय धुवा. पुढे उंच गवत आहे. तिथे उघडं पाऊल म्हणजे काटा, जळू, आणि कोकणाच्या बाजूला फुरसंसुद्धा. कारवीच्या दाट रानात मी स्वतः बूटच घालतो, कुणी काहीही म्हणो.

डोळे उघडा. पायांवर पट्ट्यांच्या जागी कातडी अजून फिकट आहे का, बघा. आता ती वाळू झटकायला हरकत नाही. वेल्क्रोतलं कुसळ जुन्या टूथब्रशने काढा. जोडी धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात चिकटवलेला सोल सुटतो.