दुखणे लपविणे म्हणजे सहनशीलता काय?



कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला डॉक्टर विचारतात, "कसे आहात?" तो म्हणतो, "बरा आहे." खरे पाहता बोटे बधिर झालेली असतात, तोंड आलेले असते, घास गिळवत नाही. पण सांगितले तर औषध कमी होईल आणि औषध कमी झाले की आपण हरलो, ही भीती त्याला गप्प बसविते. घरची माणसे या मौनाला धैर्य म्हणतात. हे धैर्य आहे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्षूची हकीकत आहे. भगवंतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. तेथेच शुश्रूषेस अवघड असा रुग्ण कोणता, हेही सांगितले आहे. वेदना सहन न करणारा त्यात आहे, तसाच आपले दुखणे आहे तसे न सांगणाराही आहे. म्हणजे सहन करणे आणि खरे सांगणे, ही दोन्ही रुग्णाची कर्तव्येच होत.

विज्ञानही हेच सांगते. केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. बधिरपणा दडविला तर तो कायमचा राहू शकतो. खरे कळले तर डॉक्टर मात्रा घटवितात, दोन फेऱ्यांतील अंतर वाढवितात, औषध बदलतात. मात्रा टिकविणे आवश्यक असेल तेथे पांढऱ्या पेशी वाढविणारी इंजेक्शने देतात. हा पराभव नव्हे, उपचाराचाच भाग आहे. २०१७ साली अमेरिकेत ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपले त्रास वेळोवेळी नोंदवून कळविणारे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी सुमारे पाच महिने अधिक जगले.

कित्येकांच्या मौनामागे आणखी एक समजूत असते: हे मागल्या जन्मीचे पाप, ते भोगूनच फेडले पाहिजे. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. मग आपण तो रुग्णाच्या उशाशी का ठेवावा?

आपल्या घरी असा रुग्ण असेल तर एक वही करा. ताप, उलट्या, जुलाब, वेदना, भूक रोज लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. रुग्णाला "धीर धर" जरूर म्हणा. पण त्याआधी "काय होते ते सांग" म्हणा आणि शेजारी बसून ऐका.