दुसऱ्या पासपोर्टचं काय?

लालबागच्या मसाला गल्लीत वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेल्या बायकांत अलीकडे एखादी तरी अशी असते, जिला मसाला घरासाठी नको असतो. मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, डंकावर कुटून घ्यायच्या आणि मग वास बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी-तिहेरी पिशव्यांत बांधायच्या. लेक आणि जावई, किंवा मुलगा आणि सून, परदेशी निघालेली असतात. 23 किलोच्या बॅगा काट्यावर चढतात, उतरतात. मेतकूट राहतं, पुस्तकं निघतात. त्याआधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात खेटे घालून विवाह नोंदणीचा दाखला आणलेला असतो, कारण त्या दाखल्यावरच दोघांपैकी एकाचा व्हिसा अवलंबून असतो.

एकाला नोकरी लागलेली असते, म्हणून दोघं निघतात. दुसऱ्याने इथली नोकरी सोडलेली असते. ती दादरच्या शाळेतली असेल, परळच्या रुग्णालयातली असेल, नाहीतर लोअर परळच्या एखाद्या कार्यालयातली. बॅगांच्या वजनावर तासभर चर्चा करणारं घर या दुसऱ्या माणसाला मात्र क्वचितच विचारतं, की तू तिथे जाऊन काय करणार आहेस? विचारलंच तर उत्तरही घरच देऊन टाकतं: जाऊ दे आधी, बघू मग.

‘बघू मग’ हे उत्तर चालत नाही, याचं कारण परक्या देशाच्या कायद्यात आहे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण कमावता येत नाही. 26 मे 2015पासून काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला, तोही मुख्यतः जोडीदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोहोचल्यावर. तिथवर जाण्यात वर्षं निघून जातात. सिंगापूरने 1 मे 2021पासून जोडीदाराला काम करायचं तर स्वतंत्र वर्क पास लागेल असा नियम केला. जर्मनीत उलट आहे: ब्लू कार्डवर गेलेल्याचा जोडीदार पोहोचल्यापासून काम करू शकतो. देश बदलला की त्याच दोन माणसांच्या संसाराचा तोल बदलतो, आणि हे तिकीट काढण्याआधी वाचून ठेवता येतं. पगाराचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो.

कायद्याने परवानगी दिली तरी पदवी साथ देईलच असं नाही. इथे बीडीएस होऊन दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला अमेरिकेत परवान्यासाठी बहुधा पुन्हा दोन-तीन वर्षं महाविद्यालयात बसावं लागतं. एमबीबीएस झालेल्याला परीक्षा देऊन तिथली रेसिडेन्सी मिळवावी लागते. वकिलाची तर जमीनच बदलते.

जोडीने परदेशी जाण्याचा हा पेच मराठी समाजाला नवा नाही. 1878 साली पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी कोल्हापुरात असताना अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत पत्रव्यवहार केला. पत्नीला शिकवायचं आहे, आपल्याला अमेरिकेत काही काम मिळालं तर दोघं येऊ, असा त्याचा आशय होता. म्हणजे मूळ बेत जोडीने जाण्याचा होता. धर्मांतराची अपेक्षा समोर आली आणि तो फिसकटला. मात्र तो पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. 1880मध्ये न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि मदतीचा हात पुढे केला. अखेर 7 एप्रिल 1883 रोजी गोपाळरावांची पत्नी आनंदीबाई कलकत्त्याहून पतीशिवाय बोटीत चढल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

त्यांचं कौतुक मराठी घरांत शंभर वेळा झालं आहे, आणि ते व्हायलाच हवं. मुंबईत पुस्तकं घेऊन पायी शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावून बघत, ते सोसलेली ही मुलगी. पण 1885नंतरच्या प्रकरणाकडे आपण फारसं बघत नाही. त्या वर्षी गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. तोवर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आपली जागा केली होती. साडी नेसून आणि शाकाहार सांभाळून, थंडीने पोखरलेल्या तब्येतीनिशी त्या अभ्यास करत होत्या. रोसेलला त्यांना मायेचं घर होतं, कॉलेजात डीन रेचेल बॉडली पाठीशी होत्या. गोपाळरावांना तिथे यातलं काहीच नव्हतं. ज्या समाजाने पत्नीला आधार दिला, त्याच्यावरच ते सभांमधून टीकेची झोड उठवू लागले. त्या टीकेने आनंदीबाईंची कुचंबणा झाली.

गोपाळरावांचा स्वभाव हेकट होता. अभ्यासासाठी लहानग्या पत्नीवर त्यांनी हातही उगारला होता. त्याचं समर्थन होऊ शकत नाही. तरीही अमेरिकेतले गोपाळराव नुसत्या स्वभावावर टाकून मोकळं होता येत नाही. सगळा घाट ज्याने घातला, तो माणूस दुसऱ्याच्या उभ्या राहिलेल्या आयुष्यात पाहुणा म्हणून येऊन पोहोचला होता. मागून जाणारी नेहमी बायकोच असते असं नाही, हेही या उदाहरणात दिसतं. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्याच वर्षी दोघं परतले आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाईंचं निधन झालं.

मागून जाण्याची दुसरी बाजू मुंबईच्या गिरणगावाने दाखवली आहे. कोकणातून, घाटावरून पुरुष गिरणीत आले आणि बायका बहुधा गावीच राहिल्या. ज्या मागून आल्या, त्यांतल्या पुष्कळ जणींनी परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ घातली. खोलीत नवऱ्याचे गाववाले झोपायला, स्टोव्हवर वीस-पंचवीस माणसांचं जेवण, पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे. अतोनात कष्ट, वर सावकाराचं कर्ज. 1975मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर या बायकांच्या कामाला कोणी कामच म्हणत नव्हतं. पण काम होतं, आणि त्याचे पैसे तिच्या हातात पडत होते. नवऱ्याच्या मागून आलेली बाई चाळीत कोणाची तरी बायको एवढीच उरली नाही. आज त्याच लालबागची नात न्यू जर्सीत कामाच्या परवान्याशिवाय एच-फोरवर असेल, तर शेजाऱ्यांना पैसे घेऊन डबा देण्याचीही तिला मुभा नाही. आजीपेक्षा तिचं घर कितीतरी मोठं आहे. कमाईच्या बाबतीत मात्र आजी तिच्या पुढे होती.

परदेशात मंडळं आहेत, गणपती आहेत, मराठी शाळा आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981पासून. एकटेपणावर त्यांचा मोठा उतारा आहे. पण सोमवारी सकाळी जोडीदार कामावर गेला की दार लावून आत उरतो तो प्रश्न मंडळ सोडवू शकत नाही.

तो दोघांनी निघण्याआधी सोडवायचा असतो. जो पुढे जातो आहे, त्याच्यावर ही जबाबदारी जास्त आहे, कारण निर्णयाचा लाभ आधी त्याला मिळतो. मागून येणाऱ्याचा पासपोर्ट आणि पदवीचे कागद त्याच्याच ताब्यात असावेत, बँकेत त्याच्या नावाचं खातं असावं, शिक्षणासाठी पैसे बाजूला काढलेले असावेत, आणि किती वर्षांत जमलं नाही तर दुसरा देश किंवा परतीचा विचार करायचा, हे बोलून ठेवलेलं असावं. असं बोलणं म्हणजे प्रेमावर अविश्वास नव्हे. जोडीदाराने आपल्यासाठी काय सोडलं याची ती नोंद आहे.

आणि इथे राहिलेल्या आईवडिलांना, सासूसासऱ्यांना एक विनंती. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की मुलाला नोकरीचं विचारता आणि सुनेला जेवायला काय केलं ते विचारता. येत्या रविवारी तिला विचारा, या आठवड्यात तू स्वतःसाठी काय केलंस? ती गप्प बसली, तर मुलाला फोनवर बोलवा आणि तोच प्रश्न त्याला विचारा.