दुःखाचा अर्थ आणि दहा माणसे

मनुष्यावर दुःख कोसळले की त्याच्या मनात प्रश्न उठतो, ‘हे माझ्याच वाट्याला का?’ तेच दुःख शेजाऱ्यावर कोसळले की आपल्या तोंडून उत्तर निघते, ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध!’ या उत्तराने त्या बिचाऱ्याला काय मिळाले, हे कोणी पाहत नाही. म्हणून दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ सांगण्याचा आपणांस अधिकार आहे काय, याचा विचार आज करू. त्यासाठी आम्ही यहुदी लोकांचा आचार घेतो. कारण इतके सोसून टिकलेला समाज विरळा.

त्यांच्या धर्मग्रंथात ईयोबाचे आख्यान आहे. ईयोब मोठा सज्जन. पण संपत्ती गेली, मुलेबाळे गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र भेटीस आले. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसले. कोणी चकार शब्द काढला नाही. इथवर मित्र शहाणे! पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ‘तुझ्या हातून पाप घडलेच असले पाहिजे’ असे शास्त्र सांगू लागले. देवाने ईयोबालाही खडसावले खरे. पण शेवटी यथार्थ बोलला असे ठरले ते त्या तक्रार करणाऱ्या ईयोबाचेच, आणि देवाचा रोष झाला देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर.

सात दिवस शोकात बसण्याचा आचार यहुद्यांत आजही आहे. त्याला ‘शिवा’ म्हणतात. इब्री भाषेत शिवा म्हणजे सात. घरची माणसे जमिनीवर किंवा ठेंगण्या बैठकीवर बसतात, आरसे झाकतात. दफनानंतरचे पहिले जेवण स्वतःच्या घरचे खायचे नाही. ते शेजाऱ्यांनी आणायचे. भेटीस येणाऱ्याने आपण होऊन बोलायचे नाही. शोक करणारा गप्प, तर आपणही गप्प.

पुढे ‘कद्दीश’ नावाची प्रार्थना येते. आईबापांसाठी मुलगा ती ११ महिने म्हणतो. नवल असे की तीत मरणाचा शब्दसुद्धा नाही. केवळ ईश्वराच्या नामाचा महिमा आहे. ती बहुतांशी अरामी भाषेत आहे, आणि अरामी ही एके काळी त्या लोकांची बोलीभाषा. पण ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण जमावे लागतात. त्यांना ‘मिन्यान’ म्हणतात. जुन्या रीतीने हे दहा प्रौढ पुरुष. कित्येक नव्या मंडळ्यांत स्त्रियाही धरतात.

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, घरात माणूस गेलंय आणि ह्यानं देवाची स्तुती करायची? हा जुलूमच की!’ एकट्याला सांगितले असते तर जुलूमच होता. पण त्याचा शब्द घशात अडकला तरी ‘आमेन’ म्हणायला नऊ जण सोबत उभे असतात. त्या दिवशी श्रद्धा त्याच्यापाशी नसली तरी दहांत मिळून असते. त्या नवांवरही भार आहेच. दहावा घरी झोपून राहिला तर दुसऱ्याचा शोक मुका राहतो.

दुसरी शंका याहून कठीण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नात्झींनी सुमारे ६० लाख यहुदी मारले. त्याचा अर्थ काय सांगणार? आम्ही म्हणतो, सांगूच नये. यहुद्यांतील कित्येक विचारवंतांनीही त्याला पापाची शिक्षा म्हणण्याचे साफ नाकारले. कित्येकांची मृत्युतिथी ठाऊक नाही, कित्येकांमागे कद्दीश म्हणायला वंशज उरला नाही. म्हणून इस्रायलमध्ये तेबेथ महिन्याचा दहावा दिवस ठरवून त्यांच्यासाठी कद्दीश म्हणतात. अर्थ सापडला नाही, तरी करण्यासारखे काही सापडले.

हे लोक आम्हां मराठी माणसांस परके नव्हेत. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या पूर्वजांची आख्याने मराठी कीर्तनात लावली. त्या नात्याने ते आम्हां कीर्तनकारांचे भाऊबंदच. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. आज कोकणात काही ठिकाणी सिनेगॉग उभे आहे, पण दहा जण जमणे अवघड. एका माणसाची किंमत काय, हे तेथे कळते.

तात्पर्य, वाचकहो, दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने सवडीने शोधावा. सापडला तर त्याचे भाग्य. बाहेरच्याने तो त्याच्या माथी मारू नये. आपण जेवण घेऊन जावे, जवळ बसावे, आणि माणसे मोजताना दहांत आपण असावे.